एक पेर खोल

कपाट आवरताना एखाद्या दुपारी आजोबांची पुरचुंडी सापडते. आत चपट्या, पिवळट बिया. मिरची की वांगं? कापडावर काही लिहिलेलं नाही. बी बघून ओळखता येत नाही तो बागेत आलाच कशाला, असा त्या पिढीचा खाक्या.

कांद्याचं बी असतं तर वर्षभरानंतर फार आशा धरू नये. वांगं मात्र नीट सुकवलेलं असेल तर चार वर्षांनीही उगवतं. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात, फडकं सुकू देऊ नये. सात-आठांना कोंब आले तर नेहमीसारखं पेरायचं, तीन-चारांनाच आले तर दाट. दोन आठवडे तरी थांबावं. मिरची असली तर ती आळशी.

मग प्रश्न खोलीचा. आजोबांचं उत्तर ठरलेलं, एक पेर. पेरायचं ते पेरानं, भाषेनंच सोय करून ठेवलीय! घेवड्याला हे माप चालतं, अडीच सेंटिमीटर. पण टोमॅटो तेवढा खोल गेला तर वर येता येताच दमतो, कारण एवढ्याशा बीत शिदोरी ती केवढी. बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती पुरते. गंमत म्हणजे बारीक बियांवर आजोबाही माती नुसती भुरभुरवायचे. तोंडानं मात्र एक पेर! त्यांचे हात बघितले त्यांना बाग आली, नुसतं ऐकलं त्यांची रोपं वर आली नाहीत.

तेच पेर पाण्यालाही. बोट मातीत खुपसायचं, टोकाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची. कोवळ्या रोपांचा वाफा सतत चिंब राहिला की बुरशी धरते, बुंधा मातीलगत बारीक होतो आणि काल ताठ असलेलं रोप सकाळी आडवं. लोक बिचारे त्यावर आणखी पाणी घालतात. खुरपायचं तेही वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबावी. गोळा बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा, नुसता दबला तर खुरपं जागेवर. ओल्यात खुरपलं की ढेकळं होतात, मग महिनाभर ती फोडत बसा.

आणि बियाण्याचं फळ. झाडावरचं सगळ्यात देखणं वांगं दोरा बांधून राखायचं, पिवळं पडेपर्यंत. खाण्याजोग्या कोवळ्या वांग्यातलं बी उगवत नाही. घरातल्या पोरांना तो दोरा म्हणजे कुंपण. बी धुवून सावलीत सुकवायचं आणि पुरचुंडीत बांधायचं. चिठ्ठीशिवाय, अर्थात.

फडक्यातल्या दहांपैकी चारच उगवल्या, तरी त्या कशाच्या हे लगेच कळत नाही. पहिली दोन पानं दोघांचीही जवळपास सारखीच, लांबट. तिसऱ्या पानावर लव दिसली तर वांगं, गुळगुळीत चकाकलं तर मिरची. आजोबांना हे पुरचुंडीतच कळलं असतं.