जादूलाही कायदा लागतो

गेले काही महिने मी एक रहस्यकादंबरी आणि एक अद्भुतरम्य कादंबरी असे आलटूनपालटून वाचत आहे. या दोन प्रकारांचे वाचक सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. रहस्यकथेच्या वाचकाला वाटते की एकदा कथेत जादू शिरली की तपासाला अर्थच उरत नाही, कारण अडले की लेखक मंत्र पुटपुटून मोकळा होणार. आणि अद्भुतकथेच्या वाचकाला वाटते की खून कोणी केला हे एकच वाक्य ऐकण्यासाठी तीनशे पाने उलटण्यात कसले आले आहे सुख. दोन्ही प्रकार लागोपाठ वाचल्यावर मात्र माझे असे मत झाले आहे की दोघांचाही वाचकाशी असलेला करार एकच आहे. शेवटी जे उपयोगी पडणार आहे, ते लेखकाने आधी वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेले असले पाहिजे.

हा करार दोन्हीकडे लेखी स्वरूपातही सापडतो. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत असत. त्यांनी १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा नियम सांगितले. त्यांतला दुसरा नियम अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव करतो आणि तिसरा सांगतो की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त असू नये. (एकाची सोय ठेवली, यावरून मोह धर्मगुरूंनाही पुरता आवरला नव्हता असे दिसते.) पुढे २००७ मध्ये ब्रँडन सँडरसन या अद्भुतकथाकाराने आपला पहिला नियम मांडला: वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकीच तिच्या साहाय्याने संकट सोडवण्याची मुभा लेखकाला असते. नॉक्स जादूला दाराबाहेर ठेवतात आणि सँडरसन तिला घरात घेतात, पण दोघांची अट तीच आहे. पुढची मते याच अटीच्या मापाने दिली आहेत, आणि कोणत्याही कादंबरीतला गुन्हेगार मी फोडलेला नाही.

सर्वांत जास्त काळ मनात रेंगाळलेली कादंबरी म्हणजे केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी पुस्तक २००५ मधले, जपानमधले प्रतिष्ठेचे नाओकी पारितोषिक मिळवलेले. खून कोणी केला हे इथे सुरुवातीलाच समजते. यासुको ही एका खानावळीत डबे विकणारी स्त्री आणि तिची शाळकरी मुलगी यांच्या हातून छळवादी माजी नवऱ्याचा जीव जातो, आणि शेजारच्या घरात राहणारा इशिगामी नावाचा गणिताचा शिक्षक ते निस्तरण्याची जबाबदारी स्वतःहून घेतो. खुनी माहीत, कारण माहीत, हत्यारही माहीत. मग रहस्य उरले कुठे, असा प्रश्न पहिल्या पन्नास पानांनंतर पडतो, आणि लेखकाला तो पडायलाच हवा असतो. इशिगामी एका ठिकाणी आपल्या परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल सांगतो की प्रश्न भूमितीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो फलनाचा (फंक्शनचा) असतो. हे वाक्य वाचून मी पुढे गेलो. लेखकाने कादंबरीची किल्ली तिथे उघड्यावर ठेवून दिली होती, हे शेवटच्या प्रकरणात कळले.

पुस्तक संपल्यावर मी पहिले प्रकरण पुन्हा काढले. त्यात इशिगामी सकाळी शाळेत जाताना नदीकाठाने चालत जातो, तिथे आडोसे उभारून राहणारी बेघर माणसे त्याला दिसतात, आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी रोज ठरलेल्या वेळी ठरलेले काम करताना त्याच्या ध्यानात येतात. पहिल्या वाचनात हे वातावरणनिर्मितीचे वर्णन वाटते. दुसऱ्या वाचनात त्या दीड-दोन पानांतले एकही वाक्य निरर्थक नाही हे लक्षात येऊन अंगावर काटा येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी वाचकाची अवस्था करायची, पण त्याला फसवल्याची भावना येऊ द्यायची नाही, हे काम फार थोड्या लेखकांना साधते. माझी तक्रार एकच आहे. यासुको हे पात्र इशिगामी आणि त्याचा माग काढणारा भौतिकशास्त्रज्ञ युकावा या दोन बुद्धिमान पुरुषांच्या डावपेचांत इतके दबून जाते की जिच्यासाठी हे सगळे घडले, ती स्त्री नेमकी कशी आहे याचा अंदाज शेवटपर्यंत येत नाही.

त्याच ओघात आणखी दोन जपानी कादंबऱ्या वाचल्या. सेइशी योकोमिझो यांची 'द होनजिन मर्डर्स' दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये लिहिली गेली, पण तिचा काळ १९३७ चा आहे. लग्नाच्या रात्री कोतो या तंतुवाद्याचे बेभान सूर ऐकू येतात, दार फोडल्यावर वधूवरांचे मृतदेह सापडतात, बाहेर ताजे बर्फ पडलेले असते, त्यावर पावलांचा मागमूस नसतो आणि तलवार मात्र अंगणात रुतलेली असते. गबाळ्या कपड्यांतला, उत्तेजित झाला की तोतरे बोलणारा आणि डोके कराकरा खाजवणारा कोसुके किंदाइची हा गुप्तहेर या पुस्तकातून प्रथम अवतरला. कोड्याचे उत्तर मला फार यांत्रिक वाटले. ते समजून घेण्यासाठी कागदावर आकृती काढावी लागते, आणि आकृती काढून झाल्यावरही असे प्रत्यक्षात जमेल का ही शंका जात नाही. मात्र शेवटी निवेदक स्वतःच आपली आधीची वाक्ये पुढे करून ती किती मोजूनमापून लिहिली होती हे दाखवतो, तेव्हा हसू येते आणि रागही येतो. करार त्याने शब्दशः पाळलेला असतो.

युकितो आयात्सुजी यांच्या 'द डेकॅगन हाउस मर्डर्स' (१९८७) या कादंबरीबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. विद्यापीठातल्या रहस्यकथा मंडळाचे सात विद्यार्थी एका बेटावरच्या दशकोनी घरात जातात; ते एकमेकांना एलरी, अगाथा, कार, पो अशा प्रसिद्ध लेखकांच्या नावांनी हाक मारतात आणि एकेक करून मरतात. ज्या एका वाक्याने सगळे चित्र उलटते, ते वाक्य खरोखरच अफलातून आहे. पण त्या एका वाक्यासाठी बाकीची पात्रे पटावरच्या सोंगट्यांइतकीच जिवंत ठेवली आहेत. कोणी मेले की वाईट वाटत नाही. उरलेल्यांची मोजदाद तेवढी होते.

आता अद्भुताकडे. सँडरसन यांची 'मिस्टबॉर्न' (२००६) ही मी मुद्दाम त्यांच्या नियमाची परीक्षा घेण्यासाठी वाचली. आकाशातून राख पडत राहणारे साम्राज्य, आणि धातू गिळून त्यांच्यापासून शक्ती मिळवणारी मोजकी माणसे अशी ही रचना आहे. गिळलेले पोलाद शरीरात जाळले की आसपासच्या धातूला दूर ढकलता येते, लोखंड जाळले की ओढून घेता येते. पण ढकललेली वस्तू तुमच्यापेक्षा जड असेल किंवा जमिनीत पक्की रोवलेली असेल, तर मागे फेकले जाता ते तुम्हीच. म्हणून व्हिन ही नायिका एक नाणे जमिनीवर टाकते, त्याला ढकलते आणि स्वतः धुक्यात उंच उडते. तो प्रसंग वाचताना जादू कळल्याचा आनंद मिळतो, कारण पुढे काय होणार याचे गणित वाचकही मांडू शकतो. पण पुढे पुढे हे गणितच फार होते. लढाई आली की कोणता धातू, किती शिल्लक, कोणत्या दिशेने, असा हिशेब सुरू होतो आणि संवाद मात्र कामचलाऊ राहतात. कायदा इतका चोख झाला आहे की विस्मयाला जागाच राहिली नाही.

याच्या उलट टोकाला उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आहे. १९६८ ची ही छोटीशी कादंबरी मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचली. इथे जादूचे कोष्टक नाही. वस्तूचे खरे नाव कळले की तिच्यावर सत्ता मिळते, एवढा एकच मुख्य नियम आहे. रोक बेटावरच्या विद्यापीठात तरुण गेड आपल्या गुरूला विचारतो की खड्याचे रत्न करून ते कायम तसेच ठेवता येईल का. त्यावर गुरू जे समजावतात त्याचा आशय असा की भासाने रत्न दाखवणे सोपे आहे, पण खडा खरोखरच बदलायचा तर त्याचे नाव बदलावे लागेल, आणि तसे करणे म्हणजे जग बदलणे. रोकवर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावर दुष्काळ आणू शकतो. हे ऐकूनही गेड गर्वाने मर्यादा ओलांडतो आणि जे काही जागे करतो, त्याची किंमत उरलेल्या पुस्तकभर मोजतो. पुराव्याची भाषा वापरायची तर आरोपपत्र दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच दाखल झालेले असते, आणि शेवटचा उलगडा त्याला धरूनच होतो. सँडरसन यांच्या नियमावलीपेक्षा मला हा एक कायदा अधिक कडक वाटतो.

सुझाना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०) ही या सगळ्यांत माझी सर्वांत आवडती. तिला २०२१ मध्ये स्त्री-लेखिकांसाठी असलेला 'विमेन्स प्राइझ' मिळाला. एक अंतहीन वास्तू, तिच्यात दालनांमागून दालने, दालनांत शेकडो पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्र आणि वरच्या मजल्यांत ढग. तिथे राहणारा निवेदक भरती-ओहोटीचे तक्ते मांडतो, मासे पकडतो, तिथे सापडलेल्या हाडांची श्रद्धेने निगा राखतो आणि रोजनिशी लिहितो. वर्षांना तो आकडे देत नाही. अल्बट्रॉस पक्षी नैर्ऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष, असे वर्षाचे नाव ठेवतो. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याला एक दुसरा माणूस भेटतो. हा दुसरा मनुष्य नीटनेटका पोशाख करून, हातात चकाकणारे उपकरण घेऊन येतो, आणि निवेदकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. वाचकाला मात्र पहिल्या भेटीपासून दिसते.

या कादंबरीचे रहस्य निवेदक स्वतःच्याच जुन्या रोजनिशा वाचून उलगडतो. पुरावा, साक्षीदार, तपास अधिकारी आणि पीडित ही चारही कामे एकाच माणसाकडे आहेत, आणि तरीही कुठे हातचलाखी वाटत नाही, कारण जे त्याला दिसते तेच आणि तेवढेच आपल्याला दिसते. फक्त त्याचा अर्थ आपण त्याच्या आधी लावतो. रहस्यकथेत सहसा वाचक गुप्तहेराच्या मागे धापा टाकत जातो. इथे वाचक पुढे उभा राहून निवेदकाने अजून थोडा वेळ अजाण राहावे असे मनोमन म्हणत राहतो. अल्बट्रॉसच्या जोडप्याला घरटे बांधता यावे म्हणून तो जळणासाठी वाळवून ठेवलेले समुद्रशेवाळ त्यांना देऊन टाकतो आणि थंडी सोसायची तयारी करतो, तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कथानकाच्या दृष्टीने तो अनावश्यक आहे. पण हा माणूस कसा आहे हे त्यातून जितके कळते, तितके यासुकोबद्दल अख्ख्या कादंबरीतून कळत नाही.

चायना मिएव्हिल यांच्या 'द सिटी अँड द सिटी' (२००९) विषयी थोडक्यात. एकाच भूभागावर दोन शहरे नांदतात आणि एका शहराच्या नागरिकाने दुसरे शहर दिसले तरी न पाहण्याची सवय लावून घेतलेली असते, ही कल्पना विलक्षण आहे. मंत्र नाही, राक्षस नाही. अद्भुत आहे तो फक्त कायदा, आणि इन्स्पेक्टर बोर्लूला खुनाचा तपास त्याच कायद्याच्या चौकटीत करावा लागतो. कल्पनेला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, पण मेलेल्या तरुणीविषयी ना पोलिसांना फारसे काही वाटते ना लेखकाला.

दोन्ही प्रकारांचा खरा संगम पाहायचा असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची 'द टेंटेड कप' वाचावी. २०२४ च्या या कादंबरीला पुढच्या वर्षी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिला जाणारा सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दरवर्षी पावसाळ्यात समुद्रातून प्रचंड जलचर किनाऱ्यावर चालून येतात, त्यांना अडवण्यासाठी साम्राज्याने भिंती बांधल्या आहेत, आणि तिथली माणसे वनस्पतींच्या अर्कांनी आपली शरीरे बदलून घेतात. एका धनाढ्य घराण्याच्या वाड्यात साम्राज्याचा एक उच्चपदस्थ अधिकारी मरतो, तो शरीरातून झाड उगवल्यामुळे. तपास करणारी ॲना बहुधा घराबाहेर पडत नाही आणि जगाचा गोंगाट टाळण्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून बसते. तिचा तरुण साहाय्यक डिन याची स्मृती अशी बदललेली आहे की पाहिलेले आणि ऐकलेले तो जसेच्या तसे सांगू शकतो, आणि ते आठवण्यासाठी तो निरनिराळ्या वासांच्या कुप्या हुंगतो.

ही युक्ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. डिन परत येऊन साक्षीदारांचे जबाब अक्षरशः म्हणून दाखवतो, त्यामुळे ॲनाकडे असलेला पुरावा आणि वाचकाकडे असलेला पुरावा यांत फरक राहत नाही. तिचा अचाट तर्क आपल्यापासून काही लपवून केलेला नसतो. नॉक्स यांनी बंदी घातलेल्या अद्भुताचाच वापर करून बेनेट यांनी नॉक्स यांचा हेतू पूर्ण केला आहे. दोष नाहीत असे नाही. पदांची आणि खात्यांची नावे सुरुवातीला इतकी अंगावर येतात की वंशावळ पाठ करायला बसल्यासारखे वाटते, आणि खलपक्षाचा रोख फार लवकर ओळखू येतो. तरीही खून कसा झाला याचे उत्तर त्या जगातल्या वनस्पतीच्या गुणधर्मांतूनच निघते, आणि ते गुणधर्म आपल्याला वेळेवर सांगितलेले असतात.

'द टेंटेड कप'चा पुढचा भाग, २०२५ मध्ये आलेला 'अ ड्रॉप ऑफ करप्शन', सध्या हातात आहे. बंद दारांच्या आणि पहारा असलेल्या खोलीतून कोषागाराचा एक अधिकारी नाहीसा होतो, म्हणजे कुलूपबंद खोलीचे जुनेच कोडे बेनेट यांनी या बदललेल्या शरीरांच्या जगात मांडले आहे. हे दुप्पट जोखमीचे काम आहे, कारण काय अशक्य आहे हे सांगण्याआधी तिथे काय काय शक्य आहे हे वाचकाला शिकवावे लागते. निम्म्यापर्यंत तरी लेखकाने काही हातचे राखून ठेवल्यासारखे वाटलेले नाही. एका पात्रावर माझा संशय बसला आहे. तो खरा ठरला तर मी थोडा नाराजच होईन.