धाकट्यांची कोजागिरी

सप्टेंबर लागला की तोक्योतल्या आमच्या सुपरमार्केटचं एक शेल्फ बदलतं. तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे, म्हणजे दांगो, पाकिटावर ससा, आणि बाजूला बादलीत गवताचे तुरे. हो, गवत, आणि पैसे देऊन! त्सुकिमी आली. खिडकीत ते तुरे नि गोळ्यांचा मनोरा मांडून चंद्र बघायचा, कुठेकुठे चक्क अळकुड्या ठेवतात. मॅक्डॉनल्डवाले तर 1991 पासून या दिवसांत अंड्याचा बर्गर काढतात, अंडं म्हणजे चंद्र. आमच्या आजीला हे सांगायची सोयच नव्हती.

ससा मात्र तोच, आपल्या चंद्रावरचा. फक्त आपला नुसता बसलेला असतो आणि यांचा उखळात मोची, म्हणजे चिकट भाताचा गोळा, कांडत असतो. जपानात आहे म्हटल्यावर सशालाही सुट्टी नाही.

त्याच्या आसपासच ओहिगान येतो. पितरांचे दिवस, लोक कबरी धुवायला जातात, ओहागी, म्हणजे गोड डाळीत घोळलेले भाताचे गोळे, खातात, नदीकाठी हिगानबानाची लालभडक फुलं फुटतात. 2025 ला तो 20 सप्टेंबरला सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपली सर्वपित्री. मुंबईत सासूबाई गच्चीत पान ठेवून कावळ्याची तासभर वाट बघतात, आणि इथे कावळे इतके माजलेत की कचऱ्यावर जाळी टाकावी लागते. पण बाल्कनीत पान ठेवलं तर शेजारची काकू लगेच बिल्डिंगच्या ऑफिसात. सगळे कावळे समोरच्या तारेवर, आणि आपण दार लावून वरणभात खातोय.

असो. सांगायचं होतं कोजागिरीचं. एरवी यांचा चंद्र बहुतेक वेळा आपल्या आधीच्याच पौर्णिमेला उरकतो, पण 2025 ला त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला, आपल्यात नव्हता, आणि दोन्ही 6 ऑक्टोबरला आले. सोमवार. मी दूध आटवलं, केशर घातलं, चारोळी नव्हती म्हणून बदामावर भागवलं. इथे रात्रीचे बारा वाजले तेव्हा सांगलीत साडेआठ, आईचं दूध अजून गॅसवर. व्हिडिओ कॉलवर मागे दादा पाटावर बसलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस, टक्कल पडलंय, आणि आई त्याला ओवाळतेय. आश्विनी, म्हणजे कोजागिरीला थोरल्या लेकराचं औक्षण!

हे माझं जुनं दुखणं. लहानपणी गच्चीवर अख्खी बिल्डिंग जमायची, भेळ, भेंड्या, पातेल्यात चंद्र दिसतोय का म्हणून वाकून बघणारी पोरं. पण त्याआधी घरात दादाचं औक्षण, त्याला नवा शर्ट, त्याच्या हातात पाकीट, आणि मी निरांजनाच्या ताटाशी उभी, का तर तो पहिला जन्मला. यात त्याचं कर्तृत्व काय? मी रडले की आई म्हणायची, तुला भाऊबीज आहे की. अगं पण भाऊबीजेला पण पाटावर तोच बसतो ना!

म्हणून मला जपान्यांची एक पद्धत फार आवडते, काही गावांत त्सुकिमीच्या रात्री पोरांनी दुसऱ्यांच्या घरचे दांगो चोरायचे, आणि घरच्यांनी बघून न बघितल्यासारखं करायचं. थोरला, धाकटा असला प्रश्नच नाही. ज्याचा हात चपळ त्याचा सण.

माझ्या दोन मुलींपैकी मी कोणालाच ओवाळत नाही. थोरली हल्ली विचारायला लागलीय की आजी मामाला करते ते मला का नाही, आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. 2026 ला यांचा चंद्र 25 सप्टेंबरला, आपली कोजागिरी बरोबर महिन्याने. म्हणजे दोनदा दूध आटवणं आलं. नवरा म्हणतो, एकदाच आटव आणि फ्रीजरमध्ये टाक. बघू.