पेन्सिलचा गोल

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझी वही वाचता वाचता पेन्सिलनं एका शब्दाला गोल केला. ‘पण’. पुढच्या पानावर परत ‘पण’. पाच दिवसांत चार गोल.

रागाचं काउन्सेलिंग चालूये माझं त्यांच्याकडे, होमवर्क एवढाच की चिडलो की कुणावर, काय बोललो आणि मग माफी कशी मागितली ते लिहायचं. मी आपलं प्रामाणिकपणे लिहिलेलं, "बायकोला सॉरी म्हटलं, पण तिनेही तो विषय काढायला नको होता." बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 4 था अध्याय, जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, सगळं पाठ आहे हो संडे स्कूलपासून.

ते म्हणाले, "मी पाप केलं असं शौल राजाही म्हणाला होता, पण लगेच लोकांची भीती पुढे केली. दावीद राजा नाथान संदेष्ट्यासमोर तेवढ्याच एका वाक्यात थांबला."

थांबला! तेच तर जमत नाही राव. आदामापासून आपण बोट दाखवण्यात पटाईत, आणि चर्चवाले आम्ही जरा जास्तच.

रात्री बायकोला म्हटलं, चुकलो मी. पुढचं तोंडाशी आलेलं गिळलं.

ती चपाती लाटता लाटता थांबली. म्हणाली, "हं, पुढे?"