तुम्ही विचारलंत म्हणून: मी सीझन तिकीट का सोडलं

दरवर्षी ऑगस्ट उजाडला, इंग्लंडमधला फुटबॉलचा सीझन सुरू झाला, की हा प्रश्न येतोच: मी सीझन तिकीट, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावरच्या वर्षभराच्या लीग मॅचचं एकत्र तिकीट, का सोडलं. ऑफिसातले विचारतात, भारतातून फोन येतात, मावसभावाच्या मुलाचा तर व्हॉइस मेसेज येतो, "आत्या, एकोणीस वर्षं जात होतीस ना, मग सोडलंस का?" आणि दहातल्या आठ वेळा त्याच दमात पुढचं वाक्य असतं, "आणि डिसेंबरात आम्ही इंग्लंडला येतोय, दोन तिकिटं मिळतील का?"

आजवर मी ज्याला जे पटेल ते सांगितलं. महाग झालं. मॅचच्या वेळा विचित्र झाल्या, शनिवारी तीनच्या मॅच राहिल्याच किती. एकाला तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. यातलं काहीच खोटं नाही, पण पूर्ण उत्तरही नाही, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे पुढच्या ऑगस्टला हेच पाठवता येईल.

२००४ ते २०२३, गोलपोस्टमागचा स्टँड, एकच सीट. क्लबचं नाव घेत नाही, मला ओळखणाऱ्यांना ते माहीत आहे आणि इतरांना त्याने फरक पडत नाही, कारण प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, कुठल्याही मोठ्या क्लबच्या स्टँडमध्ये जाऊन बसलात तरी हेच दिसेल.

काय बदललं हे टीव्हीवर कळत नाही हो. टीव्हीवर आवाज भरलेलाच वाटतो. आत बसलं की कळतं की सलग वीस वीस मिनिटं अशी जातात की गोलकीपर डिफेंडरवर ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं. मी जायला लागले तेव्हा गाणं कुठून सुरू व्हायचं ते कधी समजायचं नाही, मागे कुठेतरी एखादा जाड आवाज पहिली ओळ उचलायचा, दुसरी ओळ त्याच्या आजूबाजूचे आठदहा जण, आणि तिसरीपर्यंत ते आपल्या तोंडात आलेलं असायचं, शब्द पाठ नसले तरी. आता क्लब सीटवर झेंडा ठेवतो, मॅचच्या आधी दोन मिनिटं तो हलवायचा, की कॅमेऱ्यात छान दिसतं. आणि गोल झाला की स्पीकरवर गाणं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. गोल झाल्यावर माणसांच्या पोटातून जो आवाज निघतो त्याच्यावर कोणी स्पीकर का लावावा? तो आवाज ऐकायलाच तर आलो होतो सगळे.

लोक म्हणतात बसायच्या सीट आल्या तिथे वातावरण मेलं. एवढं सोपं नाही ते. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लोखंडी जाळ्यांच्या आत कोंडलेली माणसं चिरडली गेली, ९७ जणांचा जीव गेला, आणि वर कित्येक वर्षं त्याच चाहत्यांवर दारुडे, दंगेखोर म्हणून ठपका ठेवला गेला. चाहत्यांची काही चूक नव्हती हे ज्युरीने सांगायला २०१६ उजाडलं. त्या घटनेनंतर १९९० मध्ये चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड टेलर यांचा अहवाल आला, उभं राहायचे स्टँड बंद करा, सगळीकडे सीट करा. ते करायलाच हवं होतं असं मला वाटतं, जाळ्या काढायलाच हव्या होत्या. पण त्याच अहवालात तिकिटाचंही आहे, ते कोणी सांगत नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचं उदाहरण दिलंय, तिथे सीटचं तिकीट ६ पाउंड आणि उभं राहायचं ४. म्हणजे सीट केल्या तरी साध्या माणसाला परवडेल असा दर ठेवता येतो, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. सीट सुरक्षेसाठी होत्या. त्या सीटवर पुढे जी किंमत चढली ती कोणाच्या सुरक्षेसाठी नव्हती. १९९२ ला प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला, आणि ज्यांना वातावरण म्हणून जगभर विकलं त्यांनाच तिकीट परवडेना. २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पाउंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा त्यांचे हजारो लोक बरोबर सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर पडले, टीम २-० ने पुढे असताना, आणि मॅच २-२ सुटली. मालकांना ते तिकीट मागे घ्यावं लागलं. तो माझा क्लब नाही, उलट त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही, पण त्या दिवशी मी घरात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आता दुसरी बाजू, जी मीच एके काळी तावातावाने मांडायचे.

माझ्या डाव्या हाताला एक आजोबा बसायचे. (आजोबा मी इथे लिहिताना म्हणतेय, तिथे नावानेच हाक मारायचे.) लहानपणापासून त्याच स्टँडमध्ये, स्टँड उभ्याचा होता तेव्हापासून. उभं राहायच्या शेवटच्या मॅचनंतर पायरीच्या काँक्रीटचा एक तुकडा फोडून घरी नेला होता त्यांनी, अजून खिडकीत ठेवलेला आहे, मी पाहिलाय, मुठीएवढा, एका बाजूला लाल रंगाचा ओघळ. ते जुने दिवस सांगायला लागले की मी भांडायचे. १९८८ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन बार्न्स या काळ्या खेळाडूच्या दिशेने मैदानात केळं फेकलं होतं आणि त्याने ते टाचेने बाहेर मारलं, तो फोटो मी त्यांना दाखवायचे. लंडनच्या आर्सेनल क्लबने १९९२ ला नॉर्थ बँक हा त्यांचा गोलपोस्टमागचा स्टँड पाडून बांधायला घेतला तेव्हा बांधकाम झाकायला तिथे भलंमोठं चित्र लावलं, त्यात हजारो चाहते रंगवलेले, आणि त्यात एकही काळा चेहरा नव्हता, लोकांनी बोंब मारल्यावर मग रंगवले. मी म्हणायचे, तुमच्या त्या सोन्यासारख्या वातावरणात माझ्यासारखीला जागा कुठे होती? सावळी, बाई, एकटी. आमच्या स्टँडमध्ये बायकांचं टॉयलेट पार दुसऱ्या टोकाला होतं, हाफटाइमला जाऊन परत येईपर्यंत खेळ सुरू झालेला असायचा. कॅमेरे लागले, स्टुअर्ड (गर्दीवर लक्ष ठेवणारे क्लबचे लोक) आले, सीटला नंबर आले म्हणून तर मी येऊ शकले. ते म्हणायचे, "तू आमच्यात असतीस तर तुला कोणी हात लावला नसता." मी म्हणायचे, हेच तर, तुमच्यात असते तर.

२००५ मधली ती मी बरोबर होते. आजही मला तसंच वाटतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

त्या आजोबांशी ओळख कशी झाली तेही सांगायला हवं. २००३ चा हिवाळा, मी एकेका मॅचचं तिकीट काढून जायचे. आम्ही हरलो होतो, जिन्यावर गर्दी, आणि मागून एक जण माझ्या कानाशी वाकून म्हणाला, आलीस तिथे परत जा. ओरडून नाही, हळू. मी वळलेही नाही. माझ्या शेजारून एक म्हातारा उतरत होता, त्याने ते ऐकलं असावं, कारण तो माझ्या आणि मागच्याच्या मधल्या पायरीवर आला आणि गेटपर्यंत तसाच चालला. एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी सीझन तिकीट घेतलं तेव्हा नकाशावर त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती, ती मी मागून घेतली.

आता तो दिवस. २०२२, रविवारची दुपार. आम्ही ०-१ ने मागे. स्टँडमध्ये मरगळ, अर्धे लोक फोनमध्ये. आमच्या पुढच्या रांगेत एक बाप आणि त्याचा नऊदहा वर्षांचा मुलगा, मुलाच्या गळ्यात दोन्ही टीमचे रंग असलेला तो अर्धा-अर्धा स्कार्फ. आमच्यात त्या स्कार्फचा फार तिरस्कार, दोन्ही टीमचा चाहता म्हणजे कोणाचाच नाही. बाप पहिल्या मिनिटापासून फोन वर धरून शूट करत होता, कॉर्नर असला की उभा राहायचा, मला गोलपोस्ट दिसायचा बंद. मी दोनदा सांगितलं, नीट सांगितलं. तो सॉरी म्हणायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल. आमचा. आणि किती तरी महिन्यांनी तो आवाज आला, तो पोटातला, मी उडाले, आजोबांना धरलं, मागचे आमच्या अंगावर, आणि माझा हात त्या बापाच्या हाताला लागला आणि फोन उडून दोन रांगा खाली काँक्रीटवर. मी सगळ्यांना सांगितलं की मुद्दाम नाही. मुद्दाम नव्हताच. पण हात कुठे चाललाय ते मला दिसत होतं, आणि मी तो वळवला नाही, एवढं मला माहीत आहे.

मग स्क्रीनवर "व्हीएआर, गोल तपासत आहोत", म्हणजे रेफ्री आता व्हिडिओ बघून ठरवणार. बॉल खेळाडूच्या हाताला लागला होता का बघतायत. हे २०१९ पासून सुरू झालं आणि याच्याइतकं वाईट काही नाही, आनंद झाला की आधी थांबा, परवानगी आली की मग करा. तीन मिनिटं पूर्ण स्टँड गप्प उभा. त्या शांततेत तो बाप खाली वाकून फोन शोधत होता. वर आला, काच तडकलेली, अंगठ्याने तो ती पुसत होता, पुसून जाईल असं वाटत असल्यासारखा. मुलगा रडायला लागला होता. बाप मला म्हणाला, तुम्ही हे का केलंत? शांतपणे विचारलं त्याने.

आणि मी म्हणाले, "हे शूटिंगचं ठिकाण नाही, आलात तिथे परत जा."

इंग्लिशमध्ये म्हणाले. तेच शब्द. त्याच क्रमाने. मला म्हणायचं होतं की टुरिस्टांच्या सीटवर जा, घरी जाऊन टीव्हीवर बघा, असलंच काहीतरी. पण मला काय म्हणायचं होतं त्याला काय अर्थ आहे, तो मुलगा माझ्याकडे बघत होता आणि त्याने जे ऐकलं ते ऐकलं. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी पाठ थोपटली, "बरोबर बोललीस." एकोणीस वर्षांत त्या स्टँडने मला इतकं आपलं म्हणून कधी थोपटलं नव्हतं.

गोल रद्द झाला. बाप-लेक तेव्हाच उठून गेले, मुलाचा स्कार्फ सीटच्या फटीत राहिला. मी तो काढून हातात धरून बसले, मग जिन्यापर्यंत गेले, ते दिसले नाहीत. स्टुअर्डकडे दिला. आजोबा काही बोलले नाहीत. आम्ही नेहमी बरोबर उतरायचो, त्या दिवशीही उतरलो, पण ते माझ्या एक पायरी मागे होते.

आता तुम्ही म्हणाल एवढ्यावरून कोणी तिकीट सोडतं का. पुढचं वर्षभर गेलेच की मी. आणि मला माझी बाजूही मांडू दे, कारण तो फोन सतत वर होता, मी दोनदा सांगितलं होतं, आणि ती जागा खरंच गाणाऱ्यांची होती. तिथे वीस वर्षं येणारा माणूस क्लबला नकोय, एकदा येऊन दुकानातून दोन जर्सी, स्कार्फ, कॉफीचा मग घेऊन जाणारा हवाय, हा हिशोब क्लबने केला, त्या बापाने नाही. पण राग काढायला क्लबचा मालक पुढच्या रांगेत बसत नाही ना, तिथे तो बापच बसतो.

आणि मी स्वतः? तुमच्यातल्या निदान सहा जणांना मी माझं जुनं प्लास्टिकचं कार्ड देऊन मॅचला पाठवलंय, तेव्हा चालायचं, आता तिकीट फोनवर असतं. तुम्ही तिथे बसून फोटो काढलेत आणि मला पाठवलेत, मला किती बरं वाटलं होतं! २०१८ ला मी जर्मनीत डॉर्टमुंडला गेले, तिथल्या चाहत्यांची ती पिवळी भिंत बघायला, एका स्टँडमध्ये पंचवीसेक हजार माणसं उभी. अंगावर काटा आला. मग मी काय केलं, फोन काढला. पूर्ण गाणं शूट केलं. माझ्या मागेही कोणाला तरी दिसत नसणार, त्याला मी कोण वाटले असेन?

म्हणजे पूर्वी बरं होतं म्हणावं तर ते पूर्वी माझं नव्हतं, आणि आता बरं आहे म्हणावं तर तो आवाज कुठाय. २०२० मध्ये स्टेडियम रिकामी असताना टीव्हीवर व्हिडिओगेममधला गर्दीचा आवाज लावत होते आणि मला तो काही दिवसांनी खरा वाटायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले होते. दुसरीकडे २०२२ पासून रेलिंग लावून उभं राहायची परवानगी पुन्हा मिळाली, आमच्या स्टँडमध्येही रेलिंग आलं, आणि खरं सांगते, आवाज थोडा वाढला होता. मी सोडलं त्या वर्षी तो वाढत होता. मग कशाला सोडलंस, असं आजोबाही म्हणतात. तिकिटाचा दर वाढल्याचा ईमेल आला त्या रात्री मी रिन्यूचं बटण दाबलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मुदत गेली. दर वाढला नसता तर दाबलं असतं का? मला सांगता येत नाही. त्या मुलाच्या तोंडाकडे बघून सोडलं असं म्हणणं मला फार मोठेपणाचं वाटतं, आणि पैशासाठी सोडलं हे पूर्ण खरं नाही.

डिसेंबरच्या तिकिटांचं मी बघते. मेंबरांच्या सोडतीत नाव टाकलंय. फक्त गोलपोस्टमागची मागू नका, बाजूच्या स्टँडमधून खेळ जास्त चांगला दिसतो, आणि तिथे शूट केलंत तरी कोणी काही म्हणत नाही.

आजोबा अजून जातात. प्रत्येक होम मॅचनंतर मला मेसेज येतो, स्कोअर, आणि खाली माझ्या सीटवर आज कोण होतं ते. एकदा कोरियाहून आलेलं जोडपं, नवरा तिथे आणि बायको तीन रांगा मागे, मग आजोबांनीच सीट बदलून दिली. एकदा कोणीतरी पूर्ण मॅच झोपलेला. गेल्या शनिवारी लिहिलं होतं, २-१, आणि सीट रिकामी. तिकीट विकलं गेलं होतं म्हणे, माणूस आलाच नाही.