दोन मिनिटांच्या थरारासाठी ३७ दिवस

पदविकेच्या शेवटच्या सत्रात आम्हा चौघांच्या गटाला थरारपटाची सुरुवातीची दोन मिनिटे, श्रेयनामावलीसह, चित्रित करून द्यायची होती. कथा ठरायला एक संध्याकाळ पुरली. अनेक वर्षे बंद असलेल्या जिनिंगमधले (कापसातून सरकी वेगळी काढून रुई करणाऱ्या कारखान्यातले) जुने कारकून तिन्हीसांजेला काही कागद शोधायला येतात, गंजलेल्या कुलपाला हात लावतात आणि त्यांना कडीत अडकलेला रुईचा पांढराशुभ्र पुंजका दिसतो. जुनी रुई धुळीने काळवंडते, पिवळी पडते, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पांढरी रुई म्हणजे आत कोणीतरी अलीकडेच यंत्र चालवले आहे. तेवढ्यावर पडदा काळा करायचा आणि शीर्षक आणायचे, एवढाच आमचा आराखडा होता. कारकुनाच्या भूमिकेसाठी मित्राचे काका लगेच तयार झाले. भाव वाढेल या आशेने त्यांच्या घरात अजून कापूस भरून ठेवलेला होता, त्यामुळे पुंजक्याचीही सोय झाली.

अडले ते जागेच्या परवानगीवर. आमच्या मनात भरलेले जिनिंग एका सहकारी संस्थेचे होते आणि ती संस्था अवसायनात निघालेली, म्हणजे कायमची गुंडाळली जात होती. अशा संस्थेची मालमत्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार अवसायकाच्या (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात जाते, हे आम्हाला फाटकावरच्या राखणदार आप्पांकडून कळले. पहिल्या दिवशी त्यांनी "भाऊ, आठे कसाले वनात?" (इथे कशाला आलात?) असे अहिराणीत दरडावूनच विचारले होते, मात्र कोणाकडे जायचे, हे नीट सांगणारे पूर्ण प्रक्रियेत तेच एकटे भेटले.

५ फेब्रुवारीला आम्ही अवसायकाच्या कार्यालयात अर्ज दिला. पहिली चूक याच अर्जात झाली, म्हणून ती सविस्तर सांगतो. आम्ही उत्साहाने अर्जात संपूर्ण कथा लिहिली होती आणि तिच्यात "संशयास्पद मृत्यू" असे शब्द होते. टेबलावरच्या साहेबांनी तेवढ्याच ओळीवर बोट ठेवले आणि संस्थेच्या आवारात मृत्यू कसा दाखवता, असे विचारले. महाविद्यालयाचे पत्र आणा, असे सांगून त्यांनी परत पाठवले. पत्र नेले, तेव्हा प्राचार्यांच्या सहीखाली शिक्का हवा होता. शिक्का आणला, तेव्हा साहेब प्रशिक्षणाला गेलेले होते. त्यानंतर प्रश्न निघाला तो गोदामाच्या लाखेच्या सीलचा: सील काढायचे तर पंचनामा करावा लागेल आणि पंचनाम्याला कोण येणार? आम्हाला आत जायचेच नव्हते, दाराबाहेर उभे राहायचे होते. हे मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर सांगितले आणि तिन्ही ठिकाणी "बघू" एवढेच उत्तर मिळाले. नकार मिळाला असता तर आम्ही दुसरे जिनिंग शोधले असते. लेखी नकारही नाही आणि होकारही नाही, अशा अवस्थेत विद्यार्थ्यांचे तीन आठवडे जातात, याची त्या कार्यालयात कोणालाही खंत वाटली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्या मार्गदर्शक मॅडमनी दोन गोष्टी करायला लावल्या. अर्ज नव्याने लिहिला आणि त्यात कथेचा एकही शब्द ठेवला नाही. माणसे सहा, कॅमेरा एक, वीज लागणार नाही, दिवा किंवा आग वापरणार नाही, सीलला स्पर्श करणार नाही, वेळ दोन तास, एवढेच लिहिले. कापसाच्या जागेत आगीची भीती खरी असते, त्यामुळे ते वाक्य आम्ही सर्वांत वर घेतले. दुसरे म्हणजे, २७ फेब्रुवारीला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, जुन्या अर्जाच्या आवक क्रमांकासह, त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते माहितीच्या अधिकारात विचारले. कायद्याने उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आम्हाला १४ मार्चलाच परवानगीचे पत्र मिळाले. म्हणून अर्ज कोणताही असो, पोच घेतल्याशिवाय आणि आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

पत्रातल्या अटीने मात्र आमची तिन्हीसांज हिरावून घेतली. कर्मचारी हजर असेल तेव्हाच, म्हणजे कार्यालयीन वेळेतच चित्रीकरण करायचे होते. मार्चमधले दुपारी तीनचे जळगावचे ऊन आणि आम्हाला हवा अंधार! सर्व दृश्ये आम्ही भर दुपारी रात्रीसारखी घेतली. त्यासाठी आकाश चौकटीत येऊ द्यायचे नाही, कारण ते लगेच दिवस उघड करते. सूर्य पात्राच्या पाठीमागे ठेवायचा, म्हणजे खांद्यावरची उजेडाची कडा चांदण्यासारखी दिसते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची मांडणी) ३२०० केल्विनवर ठेवला की चित्र निळसर होते, आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, दोन स्टॉपने (पाव पटीवर) कमी करायचे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवल्यावर उन्हात चित्र पांढरेफटक पडते. त्यासाठी भाड्याने एनडी फिल्टर (भिंगात येणारा उजेड कमी करणारी गडद काच) आणला होता. तो नसता तर दिवस वाया गेला असता.

कुलपाच्या दृश्याचे अकरा टेक वाया गेले. वाऱ्याने पुंजका उडून जाई आणि काकांचे बोट पोचण्याआधीच कडी रिकामी होई. अखेर पुंजक्यातले दोन तंतू कडीला पीळ देऊन बांधले. बाराव्या टेकमध्ये काकांनी तो ओढला, तेव्हा तो लांबत गेला आणि सावकाश तुटला. त्या एका तुटण्यासाठी केलेले सगळे हेलपाटे मला सार्थ वाटले.

आवाजाची आम्ही आधी काळजी केली नव्हती, ती करायला हवी होती. दुपारच्या ध्वनिफितीत चिमण्या आणि पारवे भरलेले होते. रात्र म्हणून ते चालणार नव्हते. रात्री फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून आम्ही रातकिड्यांचा सलग पाच मिनिटांचा आवाज वेगळा नोंदवला आणि काकांची पावले घरी सरकीच्या ढिगावर चालून तयार केली. संकलन दोन रात्रींत झाले आणि काम मुदतीच्या आदल्या दिवशी जमा केले.

एक गोष्ट सांगायची राहिली. चित्रीकरणाच्या आधी आणि नंतर सीलची छायाचित्रे, शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र धरून, काढून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच कार्यालयातून सील सुस्थितीत आहे का, अशी विचारणा झाली. आमच्याकडे अशी चार छायाचित्रे होती आणि त्यांवर आप्पांची सही होती.