तळ्याच्या नकाशातले आडवे पट्टे अखेर गेले

होडीतून सोनारने (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) नोंदी घेऊन मी तळ्याच्या खोलीचा नकाशा बनवतोय. त्यातले तीन आठवडे छळणारे पट्टे काल रात्री गेले. ते दिसायचे असे: होडीच्या प्रत्येक फेरीला काटकोनात, माशाच्या काट्यांसारखे उमटलेले उंचवटे.

आधी संशय अक्षांश-रेखांशांवर होता. ते मीटरमध्ये आणले, फरक नगण्य. मग 'ग्रिडडेटा'ची (विखुरलेल्या नोंदींमधल्या जागा अंदाजाने भरणारं, पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं फंक्शन) पद्धत लिनियरवरून (सपाट तुकडे) क्यूबिक (वळणदार पृष्ठभाग) केली, तर पट्टे आणखी ठसठशीत! तेव्हा कुठे मी डेलॉने त्रिकोणांची जाळी, म्हणजे हे फंक्शन बिंदू जोडून ज्या त्रिकोणांवर अंदाज बांधतं ती, काढून पाहिली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फेरीवर दर 40 सेंटिमीटरला खोलीची नोंद आणि दोन फेऱ्यांत 20 मीटरचं अंतर, म्हणजे त्रिकोण अक्षरशः सुईसारखे. सोनारची एखादी चुकार नोंद त्या सुईवरून थेट पलीकडच्या फेरीपर्यंत ताणली जात होती. क्यूबिक तर असल्या नोंदींवरूनच उतार ठरवतं, मग काय होणार!

म्हणून सायपायच्याच 'आरबीएफ इंटरपोलेटर'कडे वळलो; तो त्रिकोणांऐवजी बिंदूंपासूनच्या अंतरांवरून अंदाज बांधतो. 40 हजार बिंदू एकदम दिले तर नुसतं मॅट्रिक्सच जवळपास 13 जीबीचं होतं, म्हणून प्रत्येक जागेसाठी फक्त जवळचे 50 बिंदू (शेजारी) वापरायला सांगितले. तर फेरीलगतच्या भागात आकडे वेडेवाकडे. कारण कळायला दोन संध्याकाळी गेल्या: जवळचे 50 बिंदू म्हणजे त्याच फेरीचा 20 मीटरचा तुकडा, सगळे जवळपास एका रेषेत. थिन प्लेट स्प्लाइनला (आरबीएफमधलं, पातळ पत्रा वाकवल्यासारखा पृष्ठभाग बसवणारं सूत्र) आडवा उतार कळायला तिथे आधारच नाही.

उपाय साधा निघाला. फेरीवर दर 5 मीटरच्या नोंदींचा मध्यक घेतला. बिंदू उरले 3,200 च्या आसपास, आणि आता 50 शेजारी तीन-चार फेऱ्यांवर पसरतात. थोडं स्मूदिंग दिलं आणि तळ्यातली जुनी नाल्याची वाट अखंड दिसली! मी ती कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

एक सावधगिरी: यादृच्छिक बिंदू वगळून, त्यांची खोली पद्धतीला ओळखता येते का अशी तपासणी करू नका. शेजारचा बिंदू 40 सेंटिमीटरवर असला की कुठलीही पद्धत हुशार ठरते. माझी चूक तशी 6 सेंटिमीटर दिसत होती. अख्खी फेरी वगळली तेव्हा ती 70 निघाली. आता तीच 28 वर आली आहे.

नॅचरल नेबर (भोवतालच्या बिंदूंना त्यांच्या वाट्याच्या क्षेत्रानुसार वजन देणारी) पद्धत सायपायमध्ये नाही, याची खंत वाटते. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या 'स्कॅटर्ड इंटरपोलंट'मध्ये ती आहे आणि असमान बिंदूंवर छान चालते.

पुढे शेजाऱ्यांची संख्या 50 वरून 80 करून बघणार होतो. पण हे लिहितानाच हिशेब केला: 3,200 बिंदूंचं मॅट्रिक्स जेमतेम 82 एमबी. मग शेजारी हवेतच कशाला? आज रात्री सगळे बिंदू एकदम देतो. काठावर शून्य खोलीचे बिंदूही टाकायचे आहेत, नाहीतर कॉन्व्हेक्स हल (सगळ्या बिंदूंभोवती ताणलेल्या दोरीसारखी बाह्य सीमा) जमिनीच्या जिभेवरूनही पाणी दाखवतो. आणि रविवारी होडी आडवी घालून दोन फेऱ्या मारणार.