पयलीं शून्य पळय

नववीत आमच्या वर्गाला मिळून एकच व्हर्नियर कॅलिपर होता. माझी पाळी आली की मी घाईघाईने छऱ्याची गोळी जबड्यांत धरायचो आणि आकडा सांगून मोकळा व्हायचो. विज्ञानाचे सर माझ्या वहीवर हात ठेवायचे. "पयलीं शून्य पळय." रिकामे जबडे मिटायचे, दोन्ही शून्ये जुळतात का ते बघायचे, चूक असेल तर ती वहीत लिहायची, मग गोळी. वर्गात कटाक्षाने मराठी बोलणारे सर हे एक वाक्य मात्र नेहमी कोकणीतच म्हणत.

१९८० साली मी एस.एस.सी. झालो. पुढे नव्याने सुरू झालेल्या गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करत असताना झुरिकहून बातमी आली : बेडनोर्झ आणि म्युलर यांना ३५ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता, म्हणजे विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होणे, सापडली होती, आणि तीही धातूत नव्हे, तांब्याच्या ऑक्साइडात, म्हणजे जवळजवळ मातीच्या भांड्याच्या जातीच्या पदार्थात! १९११ मध्ये कामरलिंग ओनेसना पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला दिसला तो ४.२ केल्विनला, शून्याखाली २६९ अंश सेल्सियसला. तिथवर पोचायला द्रवरूप हीलियम लागतो. १९८७ च्या सुरुवातीला यिट्रियम-बेरियमच्या ऑक्साइडाने ९३ केल्विन गाठले, आणि त्यासाठी ७७ केल्विनला उकळणारा साधा द्रवरूप नायट्रोजन पुरेसा होता. मी कोणत्या वाटेने जायचे ते त्या वर्षी ठरले.

मुंबईत संशोधनाला लागलो तेव्हा पहिले काही महिने कुटण्यातच गेले. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अकिकाच्या खलात तासन्‌तास घोटायचे, नऊशे-साडेनऊशे अंशांच्या भट्टीत भाजायचे, पुन्हा घोटायचे, वडी दाबायची आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निववायची. घरी आजीला रगड्यावर वाटताना बघितलेले असल्याने मला त्या कामाचा कंटाळा कधी आला नाही. प्रमाण चुकले की वडी काळी न होता हिरवट व्हायची.

आणि एका रात्री माझ्या एका नव्या नमुन्याचा रोध दोनशे केल्विनच्या वरच शून्यावर आला. प्रवाहाच्या दोन तारा, विभवांतर मोजायच्या दोन तारा, सगळे नेहमीसारखे होते. प्रवाह उलटा करून पाहिला, तरी शून्यच. झोप उडाली. पहाटे मार्गदर्शकांना फोन करायला निघालो आणि दारातच सरांचे वाक्य आठवले.

परत फिरलो. खऱ्या अतिसंवाहकाची दुसरी खूण म्हणजे तो चुंबकीय क्षेत्र आपल्यातून बाहेर ढकलतो. माइस्नर परिणाम म्हणतात तो. नमुना चुंबकीय मापनाला लावला. क्षेत्र जराही हलले नाही. उपकरण उघडले तर गारठ्याने चांदीचा लेप सुटला होता आणि विभवांतराच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या होत्या. दोन टेकलेल्या तारांमध्ये विभवांतर कुठून येणार? त्या दिवशी फोन केला असता तर माझ्या पुढच्या प्रत्येक आकड्याकडे लोकांनी संशयाने पाहिले असते, असे मला आजही वाटते.

१९९४ मध्ये मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या संयुगांतली अतिसंवाहकता जाहीर झाली. निकेल हा चुंबकत्वाच्या घरातला धातू. पुढे याच कुळातल्या एर्बियम आणि होल्मियमच्या संयुगांत अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकत्र नांदताना दिसले. या दोघांचे पटते कसे, यावर माझी पुढची बरीच वर्षे गेली. १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धान्ताने इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे गणित समजावले. पण तांब्याच्या ऑक्साइडांत त्या जोड्या कशामुळे जुळतात यावर अजूनही एकमत नाही. आज आठवी-नववीत बसलेल्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे, ते काम त्यांच्यासाठी शिल्लक आहे.

काही वर्षांपूर्वी चवथीला गावी आलो होतो, तेव्हा शाळेने प्रयोग दाखवायला बोलावले. निवृत्त झालेले सर पहिल्या बाकावर बसले होते. मी काळ्या वडीवर द्रवरूप नायट्रोजन ओतायला भांडे उचलले.

"राव रे," सर मला थांबवत म्हणाले. "पयलीं शून्य पळय."

मी भांडे खाली ठेवले. चुंबक कोरड्या, न निवलेल्या वडीवर ठेवून मुलांना दाखवला. तो वडीला टेकून पडून राहिला. मग तो चिमट्याने बाजूला काढला आणि नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ टेबलावरून मुलांच्या पायांपर्यंत उतरली. उकळी शांत झाल्यावर चुंबक पुन्हा ठेवला, तो वडीपासून वर अधांतरी थांबला. मुले ओरडली. सर उठले, खिशातून बसचे जुने तिकीट काढून त्यांनी चुंबक आणि वडी यांच्यामधून हलकेच सरकवले. ते या बाजूने आत गेले आणि त्या बाजूने बाहेर आले.